‘वर’ला इंग्रजीत काय म्हणतात?
स्थान आणि गती दाखविणाऱ्या इंग्रजी शब्दांचा योग्य वापर



पालघर आणि बोईसर परिसरातील आपल्या समाजाच्या कितीतरी घरांतील चूल तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या पगारावर पेटते. १९६९ साली तारापूरच्या किनाऱ्यावर देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. बोईसरला रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. कालपर्यंत शेतमजुरी करणाऱ्यांची मुले पाळीवर जाऊ लागली. कारखान्याच्या फाटकातून आत पाऊल टाकले की इंग्रजी भेटते. भिंतीवरचा फलक, कामाचे परमिट, ड्रमवरचे लेबल, पाळीची नोंदवही, सारे इंग्रजीत. आपल्या मुलांना मोठमोठे इंग्रजी शब्द पाठ असतात. अडते ते दोन-तीन अक्षरी लहान शब्दांपाशी. त्या लहान शब्दांबद्दल या लेखात लिहायचे आम्ही ठरविले आहे.

त्याला कारणही तसेच घडले. आम्ही काही शिक्षक-कार्यकर्ते मिळून संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो. वर्गात येणारा एक तरुण एका कारखान्यात कंत्राटी हेल्पर होता. काम करताना तो शिडीवरून पडला आणि त्याच्या हाताचे हाड मोडले. अपघाताचा जबाब त्याने स्वतःच इंग्रजीत लिहून दिला. त्यात वाक्य होते, ‘आय फेल ऑन द लॅडर.’ जबाब वाचणाऱ्याने त्याचा अर्थ लावला की शिडी जमिनीवर आडवी पडली होती आणि हा तिच्यावर जाऊन आदळला. मग उंचावरून पडल्याची गोष्ट आली कुठून, अशी विचारणा झाली. खरे बोलणाऱ्या मुलावर खोटेपणाचा संशय आला. पुन्हा जबाब, पुन्हा साक्षीदार, पुन्हा खेटे. शेवटी वाक्य दुरुस्त झाले: ‘आय फेल ऑफ द लॅडर.’ फरक एका लहान शब्दाचा.

आम्ही त्याला विचारले, “असे का लिहिलेस?” तो म्हणाला, “सर, ‘वर’ला ‘ऑन’ म्हणतात ना? मग ‘वरून’लासुद्धा मी ‘ऑन’च लिहिले.”

त्याच्या या उत्तरातच आपली सगळी अडचण सापडते. आपण मराठी शब्दाला एकेक इंग्रजी शब्द शोधत बसतो. तसा जोडीचा शब्द बहुधा नसतोच. शब्द शोधण्याआधी जागा डोळ्यांपुढे आणावी आणि स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. वस्तू तेथे स्थिर आहे, तेथे जात आहे की तेथून निघत आहे, हा पहिला प्रश्न. ती जागा कशी आहे, म्हणजे नुसते ठिकाण, पृष्ठभाग की बंदिस्त जागा, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की बहुतेक वेळा शब्द आपोआप हाती येतो.

१. मराठीत मागून, इंग्रजीत पुढून

मराठीत ‘घर’ या शब्दाचे आधी ‘घरा’ असे सामान्यरूप होते आणि मग त्याला ‘त’, ‘वर’, ‘खाली’, ‘समोर’ असे काही जोडले जाते. ‘वर’, ‘खाली’ यांना आपण शब्दयोगी अव्यये म्हणतो, कारण ती शब्दाला जोडून येतात. ‘त’, ‘ला’, ‘हून’ हे विभक्तीचे प्रत्यय. इंग्रजीत हेच काम करणारा शब्द नामाच्या आधी येतो आणि सुटा राहतो. त्याचे नाव ‘प्रिपोझिशन’, म्हणजे आधी ठेवलेला शब्द. नाम मात्र बदलत नाही. ‘इन द हाऊस’, ‘ऑन द हाऊस’, ‘बिहाइंड द हाऊस’, तिन्ही ठिकाणी ‘हाऊस’ तेच. सर्वनाम तेवढे बदलते. ‘नियर आय’ किंवा ‘विथ ही’ नव्हे, ‘नियर मी’ आणि ‘विथ हिम’.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटलेला असल्यामुळे शब्दांची जागा बदलली तरी अर्थ बदलत नाही. ‘पेटीत पुस्तक ठेव’ आणि ‘पुस्तक पेटीत ठेव’ एकच. इंग्रजीत ही मोकळीक नाही. तेथे कोणते नाम त्या लहान शब्दाच्या आधी आले आणि कोणते नंतर, यावर अर्थ ठरतो. याचा धोका कोठे होतो, ते पुढे पाहू.

२. जागा तीन प्रकारच्या

नकाशावर टिंब द्यावे तसे नुसते ठिकाण दाखवायचे असेल तर ‘ॲट’. पृष्ठभाग किंवा रेषा असेल तर ‘ऑन’. चारी बाजूंनी वेढलेली जागा किंवा हद्द असेल तर ‘इन’.

बोईसर स्टेशनचेच उदाहरण घेऊ. कोणी फोनवर विचारले, कुठे आहेस? ‘आय ॲम ॲट बोईसर स्टेशन.’ येथे स्टेशन हे एक ठिकाण. मग फलाटाचा पृष्ठभाग: ‘ऑन द प्लॅटफॉर्म’. आणि भिंतींच्या आत: ‘इन द वेटिंग रूम’. माणूस एकच, स्टेशन एकच, पण आपण त्या जागेकडे कसे पाहतो त्यावर शब्द बदलला.

गावाच्या बाबतीतही असेच. ‘द ट्रेन स्टॉप्स ॲट बोईसर’, कारण प्रवासात बोईसर हे वाटेवरचे एक टिंब. ‘आय लिव्ह इन बोईसर’, कारण राहणाऱ्याला गावाची हद्द असते, गल्ल्या असतात. जिल्ह्यासाठी ‘इन’: ‘बोईसर इज इन पालघर डिस्ट्रिक्ट.’ (१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला जिल्हा झाला. जुन्या दाखल्यांवर ठाणे असेल तर गोंधळू नये.) किनारा ही रेषा, म्हणून ‘सातपाटी इज ऑन द कोस्ट.’

जयंतीच्या भाषणात मुले बाबासाहेबांच्या शिक्षणाविषयी बोलतात. तेथेही हाच नियम. ‘इन १९१३ ही वेन्ट टू न्यूयॉर्क अँड स्टडीड ॲट कोलंबिया युनिव्हर्सिटी.’ जाणे आहे म्हणून ‘टू न्यूयॉर्क’, संस्था हे ठिकाण म्हणून ‘ॲट कोलंबिया’. नुसते शहर सांगायचे असेल तर ‘स्टडीड इन न्यूयॉर्क’.

३. नऊ शब्दांचा तक्ता

मराठीत ‘कुठे’ हा एकच प्रश्न दोन कामे करतो. ‘कुठे आहेस?’ यातही तोच आणि ‘कुठे चाललास?’ यातही तोच. उत्तरेही तशीच. ‘खोलीत आहे’ आणि ‘खोलीत गेला’, दोन्हीकडे ‘खोलीत’. स्थिर की चालता, हे आपल्याला क्रियापदावरून कळते. इंग्रजीत ते पुष्कळदा लहान शब्दावरून कळते. फक्त ‘कुठून’ हा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे: खोलीतून, टेबलावरून, गावाहून.

म्हणून आम्ही वर्गात पुढील तक्ता फळ्यावर कायम लिहून ठेवतो. प्रत्येक ओळीत पहिला शब्द ‘आहे’साठी, दुसरा ‘जातो’साठी, तिसरा ‘निघतो’साठी.

ठिकाण: ॲट – टू – फ्रॉम
पृष्ठभाग: ऑन – ऑन्टू – ऑफ
बंदिस्त जागा: इन – इन्टू – आउट ऑव्ह

तक्ता आडवा वाचावा. ‘ही इज ॲट द गेट. ही वेन्ट टू द गेट. ही केम फ्रॉम द गेट.’ दुसरी ओळ: ‘द बॉक्स इज ऑन द ट्रॉली. लिफ्ट इट ऑन्टू द ट्रॉली. टेक इट ऑफ द ट्रॉली.’ तिसरी: ‘शी इज इन द ऑफिस. शी वेन्ट इन्टू द ऑफिस. शी केम आउट ऑव्ह द ऑफिस.’

आता त्या तरुणाची शिडी या तक्त्यात ठेवून पाहा. तो शिडीच्या पायऱ्यांवर उभा होता, म्हणजे दुसरी ओळ. तेथून निघाला, म्हणजे तिसरा शब्द. उत्तर ‘ऑफ’. पाठांतर करावे लागले नाही.

येथे एक सावधगिरी. ‘ऑफ’मध्ये एफ हे अक्षर दोनदा येते. एकच एफ असलेला शब्द वेगळा, त्याचा उच्चार ‘ऑव्ह’ आणि अर्थ ‘चा, ची, चे’. लिहिताना ही गल्लत फार होते.

वाहनांनाही हा तक्ता चालतो. रिक्षा आणि मोटार लहान व बंदिस्त, म्हणून ‘गेट इन्टू द रिक्षा’ आणि ‘गेट आउट ऑव्ह द रिक्षा’. बस, आगगाडी आणि मोटारसायकल यांसाठी ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. आपल्याकडे ‘गेट डाऊन फ्रॉम द बस’ म्हणतात. ते समजते, पण मुलाखतीत ‘गेट ऑफ द बस’ म्हणावे.

‘पुट’सारख्या क्रियापदातच हालचाल असते, म्हणून तेथे साधे ‘इन’ आणि ‘ऑन’ चालतात: ‘पुट द फाइल ऑन द टेबल.’

४. एक मराठी शब्द, अनेक इंग्रजी

‘वरून’चे चार अर्थ पाहा. ‘तो टेबलावरून पडला’ येथे ‘ऑफ’. ‘तो स्टेशनवरून आला’ येथे ‘फ्रॉम’. ‘गाडी वैतरणा नदीवरून जाते’ येथे ‘ओव्हर’. ‘मिरवणूक शाळेवरून पुढे गेली’ येथे ‘पास्ट’. चार चित्रे, चार शब्द.

‘वर’चे तीन. वस्तू टेकलेली असेल तर ‘ऑन’: ‘द हेल्मेट इज ऑन द टेबल.’ न टेकता थेट डोक्यावर असेल तर ‘ओव्हर’: ‘द लॅम्प हँग्ज ओव्हर द टेबल.’ नुसती वरची पातळी सांगायची असेल तर ‘अबव्ह’: ‘डू नॉट फिल अबव्ह द रेड लाइन.’

‘खाली’चे दोन. थेट खाली असेल तर ‘अंडर’, पातळीने खाली असेल तर ‘बिलो’. क्रेनजवळ फलक असतो, ‘डू नॉट स्टँड अंडर द लोड.’ म्हणजे लटकलेल्या वजनाच्या बरोबर खाली उभे राहू नका. तापमानासाठी मात्र ‘बिलो’: ‘कीप इट बिलो फिफ्टी डिग्रीज.’

‘समोर’ फसवा आहे. रस्त्याच्या पलीकडे, तोंडासमोर असेल तर ‘ऑपोझिट’: ‘द बँक इज ऑपोझिट द स्टेशन.’ अलीकडेच, लगत पुढे असेल तर ‘इन फ्रंट ऑव्ह’: ‘अ रिक्षा इज स्टँडिंग इन फ्रंट ऑव्ह द गेट.’

‘मागे’साठी ‘बिहाइंड’ म्हणावे. ‘बॅकसाइड ऑव्ह द कंपनी’ असे आपण सर्रास म्हणतो, पण इंग्रजीत ‘बॅकसाइड’ म्हणजे माणसाचा पार्श्वभाग. मुलाखतीत हे वाक्य गेले की समोरचे साहेब ओठ दाबून हसतात आणि आपल्या मुलाला कारण कळत नाही.

‘मध्ये’ दोघांत असेल तर ‘बिटवीन’: ‘उमरोळी इज बिटवीन पालघर अँड बोईसर.’ समूहात असेल तर ‘अमंग’: ‘शी वॉज सिटिंग अमंग द विमेन.’

५. वाट सांगताना

१४ एप्रिलची मिरवणूक सर्वांच्या डोळ्यांपुढे असते. तिचेच वर्णन करू. ‘द प्रोसेशन स्टार्टेड फ्रॉम द विहार. इट वेन्ट अलाँग द मेन रोड, पास्ट द स्कूल, थ्रू द मार्केट अँड अक्रॉस द ग्राउंड. देन इट केम बॅक टू द विहार.’

‘अलाँग’ म्हणजे रस्त्याच्या किंवा किनाऱ्याच्या लांबीने. ‘अक्रॉस’ म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत, आडवे ओलांडून. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी घातले तर रस्त्याने चालणारा माणूस रस्ता ओलांडणारा ठरतो. अपघाताच्या जबाबात हा फरक लहान नाही. ‘थ्रू’ म्हणजे सभोवती काही असताना त्यातून: गर्दीतून, बाजारातून, बोगद्यातून. ‘पास्ट’ म्हणजे न थांबता बाजूने पुढे. ‘टुवर्ड्ज’ म्हणजे दिशेने, पोहोचला की नाही ते सांगितलेले नाही. ‘टू’मध्ये पोहोचण्याचे ठिकाण सांगितलेले असते.

६. जेथे चुकून चालत नाही

आता कारखान्यात येऊ. रसायनांच्या कामातील पहिला धडा आहे: ‘ॲड ॲसिड टू वॉटर, नेव्हर वॉटर टू ॲसिड.’ तीव्र सल्फ्युरिक ॲसिड पाण्यात मिसळताना फार उष्णता निर्माण होते. हे ॲसिड पाण्याच्या पावणेदोन पटींहून अधिक जड असते. ॲसिडवर पाणी ओतले तर पाणी वरच राहते, क्षणात उकळते आणि ॲसिडचे थेंब तोंडावर उडतात. भरपूर पाण्यात थोडे थोडे ॲसिड ढवळत सोडले तर उष्णता पाण्यात पसरते.

मराठीत ‘पाण्यात ॲसिड घाला’ किंवा ‘ॲसिड पाण्यात घाला’ कसेही म्हटले तरी अर्थ तोच, कारण ‘त’ पाण्याला चिकटलेला आहे. इंग्रजीत ‘ॲसिड’ आणि ‘वॉटर’ यांची अदलाबदल झाली की कृती उलटी झाली. आम्ही वर्गात सूत्र दिले आहे: ‘टू’च्या नंतर येणारा पदार्थ आधीच भांड्यात असतो, ओतायचा तो ‘टू’च्या आधी येतो.

दुसरे उदाहरण तापमानाचे. रिॲक्टर पन्नास अंशांवर आहे. सूचना आली, ‘रेज द टेम्परेचर बाय सिक्स्टी डिग्रीज.’ ‘बाय’ म्हणजे ‘ने’: साठ अंशांनी वाढवा, म्हणजे एकशे दहापर्यंत न्या. ‘रेज इट टू सिक्स्टी डिग्रीज’ म्हणजे साठपर्यंत न्या, फक्त दहा अंश वाढवा. पन्नास अंशांचा फरक या दोन लहान शब्दांत आहे. सूचना तोंडी मिळाली आणि शंका आली तर मराठीत किंवा हिंदीत पुन्हा विचारून घ्यावे. विचारण्यात कमीपणा नाही.

तिसरे उदाहरण फलकाचे: ‘कीप हँड्ज ऑफ द बेल्ट.’ आपल्या मुलांना ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ हे शब्द विजेच्या बटणापासून माहीत असतात. त्यामुळे वर्गातील काहींनी याचा अर्थ ‘बेल्ट बंद ठेवा’ असा सांगितला. खरा अर्थ आहे, पट्टा चालू असो वा बंद, त्याला हात लावू नका. तक्त्याची दुसरी ओळ येथेही लागू पडते: पृष्ठभागापासून दूर, म्हणून ‘ऑफ’. ‘स्टँड क्लिअर ऑव्ह द डोअर’ म्हणजे दारापासून बाजूला उभे राहा. ‘कीप अवे फ्रॉम फायर’ म्हणजे आगीपासून दूर ठेवा.

७. जेथे शब्द नकोच

काही क्रियापदांना मराठीत ‘ला’ किंवा ‘त’ लागतो म्हणून आपण इंग्रजीतही एक शब्द घुसडतो. ‘आय रीच्ड टू पालघर’ चूक, ‘आय रीच्ड पालघर’ बरोबर. ‘अराइव्ह’ वापरले तर मात्र ‘ॲट’ किंवा ‘इन’ हवे: ‘अराइव्ह्ड ॲट द स्टेशन’. ‘एन्टर इन्टू द रूम’ चूक, ‘एन्टर द रूम’ बरोबर. ‘गो टू होम’ चूक, ‘गो होम’ बरोबर. हे विचित्र वाटू देऊ नका. मराठीतही आपण ‘घराला जातो’ म्हणत नाही, ‘घरी जातो’ म्हणतो. ‘हिअर’ आणि ‘देअर’ यांच्या आधीही ‘टू’ नको: ‘कम हिअर’, ‘गो देअर’.

८. घरी करावयाचा सराव

इंग्रजी माध्यमाची फी प्रत्येकाला परवडत नाही. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यापूर्वीच्या पिढीला ते पाचवीत भेटले. म्हणून पालकांनी आपल्याला येत नाही असे म्हणून बाजूला न बसता मुलांबरोबर शिकावे. रोज रात्री घरातील पाच वस्तू घ्याव्यात आणि त्या कुठे आहेत, कुठे नेल्या, कुठून काढल्या, हे इंग्रजीत सांगावे. पाण्याचा तांब्या, दप्तर, सायकल, काहीही चालेल.

पुढील वाक्ये आधी स्वतः इंग्रजीत करून पाहावीत. उत्तरे खाली आहेत.

(१) सूर्या नदी वैतरणेला मिळते.
(२) ही लोकल चर्चगेटहून डहाणू रोडला जाते.
(३) आम्ही केळव्याच्या किनाऱ्याने चाललो.
(४) त्याने ट्रकवरून ड्रम उतरविले.
(५) ती कारखान्यातून बाहेर आली आणि बसमध्ये चढली.

उत्तरे: (१) ‘द सूर्या फ्लोज इन्टू द वैतरणा.’ (२) ‘धिस लोकल गोज फ्रॉम चर्चगेट टू डहाणू रोड.’ (३) ‘वुई वॉक्ड अलाँग द बीच ॲट केळवे.’ (४) ‘ही टुक द ड्रम्स ऑफ द ट्रक.’ (५) ‘शी केम आउट ऑव्ह द फॅक्टरी अँड गॉट ऑन द बस.’

पाचपैकी तीन बरोबर आली तरी समाधान मानावे. चुकलेल्या दोहोंची चित्रे कागदावर काढावीत आणि तक्त्यातील ओळ शोधावी.

ज्या तरुणापासून आम्ही सुरुवात केली, त्याचा हात आता बरा आहे आणि तो पुन्हा वर्गाला येतो. परवा एका नवीन मुलाने त्याला विचारले, “दादा, ‘वर’ला इंग्रजीत काय म्हणतात?” तो म्हणाला, “आधी सांग, काय कशावर आहे, आणि तिथे थांबले आहे की तिथून निघाले आहे?” आमच्या वर्गाचे चीज झाले असे आम्हाला त्या दिवशी वाटले.

आपला जबाब आपल्या हाताने आणि अचूक लिहिता येणे ही साधी गोष्ट नाही. ज्याला ते येते, त्याच्या बोलण्याचा भलताच अर्थ दुसऱ्याला लावता येत नाही. आपल्या वस्तीतील प्रत्येक मुला-मुलीला ते यावे, एवढ्याच इच्छेने हा लेख आपल्या हाती देत आहोत.